बिनचोचीचे पोपट

शेठच्या बंगल्याच्या मागच्या दारापाशी बाबा जाऊन उभे राहिले होते. पुढच्या दारावर भलीमोठी पाटी, तिकिटाची खिडकी, हातात माहितीपत्रकं घेतलेली माणसं, सगळं व्यवस्थित होतं. पण रिक्षातून उतरल्या उतरल्या बाबांचे पाय कुंपणाच्या कडेने मागे वळले. मी आणि आई तिकिटाच्या रांगेत, आणि हे गायब. मी शोधत गेले तर मागच्या ओट्याखाली चपला काढून, हात पाठीशी बांधून उभे. समोर कुलूप लावलेलं दार आणि बाजूला घरघरणारा एसीचा डबा.

"बाबा, इथे काय करताय? आत जायचं दार पुढे आहे."

"पुढच्या दारातसून मी कधी भितूर गेलंय नाय," बाबा म्हणाले.

खरं तर ते मागच्या दारातूनही कधी आत गेले नव्हते. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा झाली की कामगार या ओट्यापाशी यायचे आणि शेठ स्वतः प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवायचे. वर्षातून एकदा, एक पेढा, एवढीच बाबांची या घराशी ओळख. शेठची रेशमाची गिरणी इथेच, अंधेरीत, बंगल्याला लागून होती. आता तिथे टॉवर आहेत आणि समोरच्या रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते. बंगला तेवढा वाचला. शेठला चित्रांचा नाद होता, आयुष्यभर चित्रं आणून आणून त्यांनी भिंती भरल्या. नातवंडांनी ते सगळं विकून न टाकता लोकांना बघायला खुलं केलं, याचं मला कौतुक वाटतं. आमच्या घरी चार पितळी भांडी मोडीत घालायला आम्हाला चार दिवससुद्धा लागले नव्हते.

बाबांना चपला घालायला लावल्या आणि पुढच्या दाराने आत नेलं.

आता बाबांना इथे का यायचं होतं, ते सांगायला हवं. चित्रांशी त्यांचा संबंध नाही. आमच्या गोरेगावच्या घरात कॅलेंडरावरचा गणपती सोडला तर चित्र नाही, आणि तोही दरवर्षी बदलतो. बाबांना बघायची होती एका पडद्याची किनार.

बाबा गिरणीत साचेवाले होते. साचा म्हणजे माग, पण माग म्हटलं की बाबांना राग येतो; माग गावात असतो, गिरणीत साचा. त्यांच्या साच्यावर नक्षीचं रेशीम निघायचं. एका साच्यावर दोन माणसं, एक दिवसपाळीला आणि एक रातपाळीला, आठवड्याने उलटं. बाबांचा जोडीदार त्यांच्याच तालुक्यातला, पण दुसऱ्या गावचा. या दोघांची दोस्ती रोजच्या दहा मिनिटांची होती. एकाची पाळी सुटताना आणि दुसऱ्याची लागताना जेवढी भेट होईल तेवढीच. त्या दहा मिनिटांत चहा, तंबाखू, गावची पत्रं सगळं उरकायचं. जाणारा म्हणायचा, "साचो बरो चलता." येणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "मी बघतंय, तू जा." हे म्हटल्याशिवाय जाणारा जायचा नाही. मग साच्याची जबाबदारी येणाऱ्याची.

आणखी एक पद्धत त्या दोघांनी आपसात काढली होती. पाळी सुरू करताना बाबा कापडाच्या किनारीत निळा धागा घालायचे आणि जोडीदार पिवळा. निळ्यापासून पुढे पिवळा येईपर्यंतचं कापड बाबांचं, पिवळ्यापासून निळ्यापर्यंतचं जोडीदाराचं. गिरणीला याची गरज नव्हती. आपण किती विणलं हे बघायला दोघांना आवडायचं, इतकंच.

मी तान्ही होते तेव्हा शेठने पोपटांच्या नक्षीचं एक खास कापड काढायला सांगितलं. परदेशात पाठवायचं होतं. कापड उतरून तपासणीला गेलं आणि तिथे सापडलं, की पोपटांच्या एका आख्ख्या ओळीला चोच नाही. नक्षी ज्या भोकांच्या पत्त्यांवरून निघते, त्या पत्त्यांची माळ एकदा उडी मारून पुढे गेली होती. साच्यावर कापड उलटं, पाठ वर करून विणलं जातं, त्यामुळे विणताना कुणाला दिसलं नाही. मुकादमाने दोघांना उभं केलं. बाबा म्हणाले, माझ्या पाळीत नाही झालं. जोडीदार म्हणाला, माझ्याही नाही, किनार बघा. पण तोवर शेठ ते बिघडलेलं कापड हसत हसत बंगल्यावर घेऊन गेले होते आणि चित्रांच्या खोलीला त्याचा पडदा शिवायला टाकला होता. शेठच्या बंगल्यात जाऊन पडद्याची किनार बघू द्या म्हणणार कोण? मुकादम बाबांच्या गावचा, आमच्या घरासमोरचा. त्याने बाबांचा शब्द धरला. जोडीदाराला नक्षीच्या साच्यावरून काढून साध्या कापडावर टाकलं. त्याने वर्षभरात गिरणी सोडली आणि एका शाळेत शिपाई म्हणून लागला. त्यानंतर बाबा आणि तो एकमेकांशी बोलले नाहीत.

आमच्या घरात याची म्हण झाली होती. आम्ही भावंडं भांडलो आणि कुणी "मी नाही केलं" म्हणालं की दुसरा ओरडायचा, "किनार बघा!" सगळे हसायचे. बाबाही हसायचे. खोटं बोलणाऱ्याला बाबा म्हणायचे, जोडीदारासारखा बोलू नको. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं आणि तो खोटारडा आहे याबद्दल मला लहानपणी तिळमात्र शंका नव्हती.

आता बाबांचं वय ऐंशीला थोडं कमी आहे. बंगला उघडल्याची बातमी आईने बाजारातून आणली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, बाबा शेठच्या, गिरणीच्या चार गोष्टी सांगतील. ते तसं काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "माका एकदा किनार बघूची आसा."

"इतक्या वर्षांनी?" मी म्हणाले.

"तेव्हा बघूक नाय ना."

रविवारी पहाटे उठून आईने घावणे केले, डब्यात भरले आणि तयार होऊन बसली. म्युझियममध्ये खायला देत नाहीत म्हणून सांगितलं तर म्हणाली, बाहेर खाऊ. आई डब्याशिवाय मुंबईत कुठे जात नाही.

बंगला छान होता. मला आवडला. खाली झोपाळा, त्याच्या पितळी कड्या इतक्या घासलेल्या की आईने थांबून चौकशी केली, कशाने घासता. वर सागवानी जिना. भिंतीवर चित्रंच चित्रं: भाताची खाचरं, कोळणी, दिवाणखान्यात कंटाळलेल्या बायका, एक नुसता फणस. फणसापुढे आई बराच वेळ उभी होती. "बरको दिसता, कापो नाय," असं म्हणून ती पुढे गेली. शेठच्या खोलीत त्यांचं लिहिण्याचं मेज होतं आणि काचेच्या कपाटात रेशमाच्या लडी, जपानहून आलेले नमुने, परदेशी व्यापाऱ्यांची पत्रं. शेठची कुठल्या कुठल्या बंदरांशी देवाणघेवाण होती हे मला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं शेठ म्हणजे माझ्या डोक्यात फक्त एक पेढा देणारा हात होता.

बाबा कुठेच थांबत नव्हते आणि पुढेही जात नव्हते. प्रत्येक खोलीत खिडकीपाशी जायचे, बाहेर टॉवरकडे बघायचे आणि म्हणायचे, "हय आमचा साच्यांचा खाता होता." मी दोनदा म्हटलं, चला पडदा बघू. दोनदा ते म्हणाले, जाऊया सावकाश. घाबरले होते. इतका गरम डोक्याचा माणूस, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला घाम फोडणारा, आणि एका पडद्याला घाबरला होता. मला त्यांची दया आली आणि थोडं हसूही आलं.

शेवटी पोचलो. चित्रांच्या खोलीच्या दाराला तो पडदा लावलेला होता, पुढे दोरी बांधलेली, बाजूला पाटी. मोरपंखी जमीन, त्यावर पोपटांच्या ओळी. गुडघ्याच्या उंचीच्या थोडं वर एक ओळ, त्यातल्या एकाही पोपटाला चोच नव्हती. तोंडं सपाट. दात काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यांची रांगच.

बाबांना पाटीवरची अक्षरं दिसेनात. मी वाचून दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, की पोपटांच्या या एका ओळीला चोच नाही, पण ही चूक नव्हे. परिपूर्ण निर्मिती केवळ ईश्वराची, या श्रद्धेने विणकराने एक ओळ जाणीवपूर्वक अपुरी ठेवली. खाली लिहिलं होतं, विणकर अज्ञात.

आईने पदर तोंडाला लावला. हसून तिचे खांदे हलत होते.

"परत वाच," बाबा म्हणाले. मी परत वाचलं.

"मुद्दाम कोण असा करीत?" बाबा म्हणाले. "मुकादम सोडीत काय?"

मला खरं सांगायचं तर वाटलं, इथेच थांबावं. चूक नाही, श्रद्धा आहे. पाटीवर छापून आलंय. बाबाही सुटले, जोडीदारही सुटला, चला घावणे खाऊ. तसं मी बाबांना म्हटलंही. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोरीपाशी आणखी पुढे सरकले.

खोलीत म्युझियमच्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, गळ्यात ओळखपत्र, सुती साडी. बाबा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "बाई, हे कापड मी विणलंय. मी आणि माझ्या जोडीदाराने."

जोडीदार हा शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा न येता मी पहिल्यांदा ऐकला.

बाईंना आधी खरं वाटलं नाही. रोज कुणीतरी येऊन काहीतरी सांगत असणार. पण बाबांनी पडद्याच्या मागची बाजू न बघता सांगायला सुरुवात केली: पोपटाच्या पंखामागून हिरवा धागा पुढच्या फुलापर्यंत मोकळा धावत जातो, फुलापाशी जाऊन बसतो, आणि फुलातली पिवळी तार मागे दिसतच नाही. बाई आत गेल्या, हातमोजे आणि छोटी बॅटरी घेऊन आल्या, दोरी सोडली, पडद्याची मागची बाजू अलगद वळवून बघितली. मग त्यांचा चेहराच बदलला.

"आजोबा, तुम्ही बसा ना," त्या म्हणाल्या.

"बसतो. आधी किनार बघा."

पडद्याची कड आत दुमडून शिवलेली होती. पण खालच्या बाजूला शिवण उसवली होती, तिथून थोडी कड मोकळी झाली होती. बाबांनी सांगितलं तसं बाईंनी खालून वर बघत जायचं होतं, कारण पोपट पायाकडून डोक्याकडे विणत नेतात. त्या बॅटरी धरून बघत होत्या आणि मोठ्याने सांगत होत्या. आम्ही तिघं दोरीच्या अलीकडे.

"इथे एक पिवळा धागा आहे."

"पुढे."

"इथे निळा. हा निळाच ना? हो, निळा." त्यांनी बॅटरी आणखी जवळ नेली. "आता ती ओळ आली. चोच नसलेली."

"पुढे," बाबा म्हणाले.

"ओळ संपली. अजून काही नाही. अजून नाही. हां, इथे पिवळा."

बाबांनी डोळे मिटले. निळ्याच्या नंतर आणि पिवळ्याच्या आधी. ओळ बाबांची होती.

बाईंना त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्या आनंदाने विचारत होत्या, हे धागे कसले, खूण आहे का. आईने बाबांच्या कोपराला धरून त्यांना बाकावर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा ह्या पोरीन रडान रडान दिवसाची झोप खंय दिली तुका? रातपाळीक डोळो लागलो आसात."

ही पोर म्हणजे मी.

"लेकीवर ढकलू नको," बाबा म्हणाले. "एकदा दुसऱ्यावर ढकललंय, ता पुरे."

तिथे मला रडू आलं. त्या खोलीत, पडद्याच्या दोरीपाशी, परक्या माणसांसमोर. मला बाबांचा राग यायला हवा होता. त्यांच्यामुळे एका माणसाच्या हातातला नक्षीचा साचा गेला आणि आम्ही लहानपणभर त्याच्यावर हसलो. राग आलाही. पण सोबत असंही वाटत होतं, की या वयात, कुणी विचारत नसताना, पाटीवर देवाचं नाव छापलेलं असताना हा माणूस स्वतःहून किनार बघायला आला.

बाबांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई पाटीकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत होत्या. श्रद्धेची गोष्ट गेली याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. मग त्यांनी वही काढली आणि म्हणाल्या, "पाटी बदलावी लागेल. नाव सांगा तुमचं."

"दोन नावं लिवा," बाबा म्हणाले. "आधी तेचं. आणि चूक कोणाची, तेही लिवा."

बाहेर येईपर्यंत दुपारच्या जेवणाची वेळ उलटून गेली होती. मी रिक्षावाल्याला गोरेगाव सांगत होते तर बाबा म्हणाले, दहिसर.

"आज? बाबा, ते तिथे राहतात तरी का?"

"नदीच्या पुलापलीकडे. दुसरो माळो." पत्ता त्यांना तोंडपाठ होता. जोडीदाराने मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती, वीस-बावीस वर्षांपूर्वी. बाबा गेले नव्हते. पत्रिका आईने देव्हाऱ्यामागे ठेवली होती आणि बाबा ती अधूनमधून काढून वाचायचे, हे आईने रिक्षात सांगितलं. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हायवेला गर्दी होती. बोरिवलीच्या सिग्नलला आईने डबा उघडायचा विचार केला आणि बाबांचं तोंड बघून परत बंद केला.

दार सुनेने उघडलं. ती आम्हाला ओळखत नव्हती. बाबा म्हणाले, "साच्यावरचो जोडीदार इलो म्हणान सांग." तिला काही कळलं नाही, पण तिने आत घेतलं. गॅलरीत एक म्हातारा खुर्चीत बसला होता, लेंगा, बनियन, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात पेपर. लहानपणी डोक्यात रंगवलेला खोटारडा माणूस असा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो अगदी बाबांसारखाच दिसत होता.

जोडीदारांनी वर बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही.

"इलंस?"

"किनार बघून इलंय," बाबा म्हणाले. उभेच होते. "निळो धागो होतो. पाळी माझी होती. तू सांगी होतंस, बघा, बघा. मी बघूक नाय."

जोडीदारांनी पेपरची घडी घातली, ती पुन्हा घातली. चष्मा काढून बनियनला पुसला. सूनबाई पाण्याचे ग्लास घेऊन दारात थबकली. माझ्या मनात आलं, आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार, आणि दिलं तर बरोबरच आहे. बाबांनाही तेच वाटत असावं, कारण ते हलत नव्हते, पण त्यांनी चपला मात्र दारातच, पटकन पायात घालता येतील अशा काढल्या होत्या.

मग जोडीदार खुर्चीचा हात धरून उठले. दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी बघतंय," ते म्हणाले. "तू जा."

पाळी बदलताना हे ऐकलं की बाबा निघून जायचे. त्या दिवशी गेले नाहीत. त्यांनी दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि शेजारी बसले. दोघांनाही एकमेकांबरोबर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसायची सवय नव्हती. चहा झाला, गावची चौकशी झाली, आणि मग दोघं नुसतेच नदीच्या बाजूला बघत बसले. शेवटी आईने डबा उघडला आणि दोघांच्या हातावर एक एक घावणा ठेवला.